चौथा कोपरा घट्ट का होत गेला

देवघराशेजारी ठेवण्याचे चार खणांचे बुटके कपाट गणेशचवथीपूर्वी पूर्ण करीन, असे मी मे महिन्यात घरी सांगून बसलो होतो. कपाटाचा सांगाडा पाऊस सुरू होण्यापूर्वी उभा राहिला. घोडे अडले ते खणांच्या सांध्यांपाशी. खणांच्या दर्शनी फळ्या सागवानी, १९ मिलिमीटर जाडीच्या, आणि बाजूच्या व मागच्या फळ्या फणसाच्या. हा फणस आमच्याच परसातला, काही वर्षांपूर्वी वाऱ्याने आडवा झालेला. त्याच्या फळ्या पाडून त्या गोव्यातल्या डिचोलीच्या घराच्या पडवीत रचून वाळवलेल्या होत्या. खणांचे कोपरे अर्धवट झाकलेल्या डव्हटेल सांध्याने जोडायचे होते, म्हणजे बाजूच्या फळीच्या कबुतराच्या शेपटीसारख्या फाकलेल्या शेपट्या दर्शनी फळीच्या पोटात शिरतात आणि समोरून पाहणाऱ्याला सांध्याचा मागमूसही लागत नाही. पटाशीने असे सोळा कोपरे कापण्याइतका माझा हात बसलेला नाही, म्हणून राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे विजेचे यंत्र, आणि त्याला वाट दाखवणारा साचा, म्हणजे जिग. पहिले चार कोपरे नीट बसवण्यात माझे तीन रविवार गेले, आणि त्या तीन रविवारांत जे कळले ते इतरांच्या कामी यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हा जिग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बाजूची फळी जिगच्या पुढच्या अंगाला उभी आवळतात आणि दर्शनी फळी वर आडवी, तिचे टोक उभ्या फळीला टेकवून. दोन्हींची आतली बाजू डोळ्यांना दिसेल अशीच फळ्या लावायच्या असतात. पहिल्या खेपेला हमखास चूक होते ती इथेच, कारण चांगला चेहरा आपल्याकडे ठेवावा असे मनाला वाटते. वर एक फणी बसते. राउटरच्या बुडाला लावलेला गाइड बुश, म्हणजे पात्याभोवतीची आखूड नळी, या फणीच्या दातांमधून आत-बाहेर फिरतो आणि खालचे पाते एकाच फेरीत उभ्या फळीत शेपट्या आणि आडव्या फळीत खाचा कापत जाते. माझे पाते साडेबारा नव्हे, तर नेमके १२.७ मिलिमीटर रुंदीचे आणि १४ अंशांचे आहे. बुशाचा बाहेरचा व्यास ११.१ मिलिमीटर. हे आकडे विचित्र दिसतात, कारण ते मुळात इंचांतले आहेत, अर्धा इंच आणि सात सोळांश इंच. पात्याचे तोंड बुशापेक्षा रुंद असल्यामुळे ते वरून बुशातून जात नाही. आधी बुश कसायचा आणि मग पाते खालून कोलेटमध्ये (पात्याचा दांडा आवळून धरणाऱ्या नळीत) सरकवायचे, हा क्रम विसरलो तर सगळे पुन्हा सोडावे लागते.

पहिला चाचणीचा सांधा ढिला आला. शेपट्या खाचांत नुसत्या बोटाने जात होत्या आणि हलवल्यावर खडखडत होत्या. माझा तर्क असा झाला की पाते फार खोल गेले आहे, म्हणून जास्त लाकूड उडाले आणि फट पडली. मी पाते एक मिलिमीटर वर घेतले. दुसरा सांधा पहिल्याहून ढिला आला. इथे मी राउटर बंद करून कागद-पेन्सिल घेतली, आणि हे आधीच करायला हवे होते.

पात्याचा आकार वर अरुंद आणि खाली रुंद असतो. ते फळीच्या टोकात जितके खोल उतरते, तितका त्याचा अधिकाधिक अरुंद भाग फळीच्या पृष्ठभागाशी येतो. दोन शेपट्यांमधली चीर त्यामुळे वरच्या तोंडाशी अरुंद होते, म्हणजेच शेपटीचे टोक रुंद होते. आता ती शेपटी ज्या खाचेत बसायची, तिच्या तळाची रुंदी पात्याच्या सर्वांत रुंद तोंडाने ठरते आणि खोली बदलली तरी ती बदलत नाही. खाच तेवढीच, शेपटी मात्र रुंद: सांधा घट्ट. तेव्हा ढिल्या सांध्यावर उपाय पाते खाली सोडणे हा आहे आणि घट्ट सांध्यावर ते वर घेणे, अगदी आपल्या सहज अंदाजाच्या उलट. किती सोडायचे याचाही हिशेब सोपा निघतो. १४ अंशांच्या पात्याची प्रत्येक कड एक मिलिमीटर खोलीमागे सुमारे पाव मिलिमीटर आत येते. दोन कडा मिळून अर्धा मिलिमीटर. म्हणजे खोली अर्ध्या मिलिमीटरने वाढवली की शेपटी पाव मिलिमीटरने रुंदावते, आणि सांध्याच्या दृष्टीने पाव मिलिमीटर पुष्कळ असतो. माझा सांधा शेवटी ९.८ मिलिमीटर खोलीवर जमला, हाताच्या दाबाने तीन चतुर्थांश आत आणि उरलेला लाकडी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी.

या हिशेबाला एक अपवाद जोडून ठेवतो. खोली कितीही कमी-जास्त केली तरी सांधा जमतच नसेल, किंवा जिगच्या पुस्तिकेतल्या खोलीपासून दोन-तीन मिलिमीटर दूर जावे लागत असेल, तर दोष खोलीचा नाही. बुश चुकीच्या व्यासाचा आहे किंवा पाते चुकीच्या कोनाचे. आपल्याकडे बुश बहुधा मिलिमीटरच्या मापात मिळतात आणि ११.१ च्या जागी १२ मिलिमीटरचा बुश ‘चालून जाईल’ असे दुकानदार अगदी प्रामाणिकपणे सांगतो. तो चालत नाही. जाड बुशाला फणीच्या दातांत फिरायला कमी जागा उरते, त्यामुळे चीर आणि खाच दोन्ही अरुंद होतात, शेपटी रुंदावते, आणि फरक दोन्हीकडून जमा होऊन सांधा हातोडीनेही बसत नाही.

आता तो चौथा कोपरा. ९.८ वर चाचणी जमल्यावर मी सर्वांत खालच्या खणाचे चारही कोपरे एका दुपारी कापले. पहिला कोपरा चाचणीसारखाच सुरेख बसला. दुसऱ्याला थोडे अधिक ठोकावे लागले. तिसरा कुरकुरला. चौथा अर्ध्यावर अडला आणि मी हट्टाने ठोकल्यावर मागच्या फळीच्या काठाची खुंटी, म्हणजे खाचेशेजारी उरलेले लाकूड, रेषेरेषेने सोलून निघाली. कोणत्याही स्क्रूला मी हात लावलेला नव्हता.

गावातले एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, संध्याकाळी चहाला आले होते. त्यांनी आयुष्यभर सांधे हाताने कापले आहेत आणि माझ्या राउटरच्या आवाजाबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नाही. त्यांनी तो सोललेला कोपरा बोटाने चाचपला, बाहेरच्या पावसाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, पावसात फणस फुगतो. हे काम तुम्ही एप्रिलात करायला हवे होते.’’ जून अर्धा सरला होता, पडवीतल्या कपड्यांना ओलसर वास येत होता. मला ते लगेच पटले, आणि दुसरा रविवार मी फळ्या घरात पंख्याखाली आडव्या घालण्यात घालवला.

पटायला नको होते. पहिला कोपरा मी दोनच्या सुमाराला कापला होता आणि चौथा साडेचारला. अडीच तासांत कोणतेही लाकूड इतके फुगत नाही. शिवाय जिगमध्ये शेपटी आणि खाच एकाच वेळी कापली जातात. लाकूड कापण्यापूर्वी फुगलेले असो वा सुकलेले, त्या क्षणी दोन्ही एकाच पात्याने, एकाच फणीवरून निघतात. मी कॅलिपर घेऊन चारही कोपऱ्यांच्या शेपट्या मोजल्या तेव्हा उत्तर समोर आले. शेपट्यांची लांबी पहिल्या कोपऱ्यात ९.८ मिलिमीटर होती, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १०.२ आणि चौथ्यात १०.४. टोकाची रुंदी त्याच क्रमाने वाढत चौथ्यात ०.३ ने जास्त झाली होती. खाचांच्या तळाची रुंदी मात्र चारही ठिकाणी तीच. शेपटीची लांबी म्हणजे दुसरे काही नसून पात्याची खोली असते. पाते कापता कापता कोलेटमधून खाली सरकत होते. एकेका कोपऱ्यात डावीकडच्या शेपट्या उजवीकडच्यांपेक्षा केसभर आखूड होत्या, हेही मग दिसले, कारण मी डावीकडून उजवीकडे कापत गेलो होतो.

सरकण्याचे कारण पात्याच्या दांड्यात होते. माझ्या राउटरचे कोलेट पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे, आणि संचातल्या पात्याचा दांडा ६ मिलिमीटरचा. आपल्या बाजारात दोन्ही मापांची पाती शेजारी-शेजारी विकली जातात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. कोलेट ०.३५ मिलिमीटर आवळले जाते खरे, पण मग ते दांड्याला पूर्ण लांबीने न धरता केवळ कडेपाशी धरते. हलक्या कामात ते चालून जाते. डव्हटेलचे पाते एकाच फेरीत पूर्ण खोलीवर चालवावे लागते, तिथे मात्र ती पकड अपुरी पडते. योग्य दांड्याचे पाते मी पणजीहून आणले. बसवताना कोलेटच्या आतला चिकटलेला राळेसारखा थर पुसून काढला, दांडा तळाशी टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर घेतला आणि मगच कसला, कारण तळाला टेकलेला दांडा कसताना नीट आवळला जात नाही. शेवटी काळ्या शाईच्या पेनाने दांडा आणि कोलेट जिथे भेटतात तिथे एक बारीक रेघ ओढली. आता प्रत्येक कोपऱ्यानंतर मी राउटर उलटा करून ती रेघ पाहतो. मेस्तांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण पावसाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि पुढे तो दुसऱ्या एका ठिकाणी खरा ठरला.

सांधा नीट घट्ट बसतो, पण बाजूच्या फळीचा बाहेरचा चेहरा दर्शनी फळीच्या टोकाशी सपाट येत नाही, ही तक्रार निराळी आहे आणि तिचा पात्याच्या खोलीशी संबंध नाही. बाजूची फळी बाहेर डोकावत असेल तर खाचा आत पुरेशा गेलेल्या नाहीत. फणी आपल्यापासून दूर, आडव्या फळीच्या दिशेने सरकवायची. फळी आत बुडत असेल तर खाचा जास्त आत गेल्या. फणी आपल्याकडे ओढायची. इथे कोनाचा हिशेब लागत नाही, जितका फरक दिसतो तितकेच सरकवायचे. मी मात्र पहिल्या रविवारी खोली आणि फणी दोन्ही एकदमच बदलली होती आणि पुढच्या सांध्यात सुधारले काय नि बिघडले काय ते मला सांगता येईना. त्यानंतर चाचणीच्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खोली आणि फणीची जागा लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली.

फणी बरोबर असूनही एक कोपरा सपाट आणि दुसरा अर्धा मिलिमीटर बाहेर, असेही माझ्याकडे घडले. दोष फळ्यांचा होता. खाचेची लांबी जिग ठरवतो, आणि ती बाजूच्या फळीच्या जाडीइतकी असावी लागते. माझ्या फणसाच्या फळ्या हातरंध्याने साफ केलेल्या, एका टोकाला १३ आणि दुसऱ्या टोकाला साडेतेरा. जिगला त्याचे काय देणे-घेणे! सगळ्या फळ्या पुन्हा एका जाडीच्या करून घेतल्या. भुशाकडेही लक्ष असू द्यावे: दातांच्या मुळाशी भुसा दडपून बसला की बुश तळापर्यंत पोहोचत नाही आणि तेवढी एकच खाच आखूड राहते. जुना दाढीचा ब्रश मी आता जिगला दोरीने बांधूनच ठेवला आहे.

दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडा जुळत नसतील तर बाजूचे अडसर, म्हणजे फळ्यांच्या कडा ज्यांना टेकवतात ते थांबे, तपासायचे. उभी आणि आडवी फळी एकमेकींपासून फणीच्या दातांच्या अर्ध्या अंतराने सरकलेल्या असाव्या लागतात, कारण एकीची शेपटी दुसरीच्या खाचेसमोर यायची असते. डावीकडचे अडसर जुळले म्हणजे उजवीकडचे जुळतील असे नाही. दोन्हींची चाचणी वेगळी घ्यावी लागते. उभ्या फळीचे टोक आडव्या फळीच्या पृष्ठभागाशी सपाट आहे की नाही हे मी नखाने पाहतो. ते खाली राहिले तर शेपटी आखूड आणि अरुंद होते, सांधा ढिला पडतो आणि बाजूने पाहिल्यास खाचेच्या तळाशी फट दिसते. मग माणूस पात्याची खोली बदलत बसतो.

फणसाचा मला झालेला खरा त्रास म्हणजे झिलप्या. त्याच्या तंतूंची रेषा उलटसुलट गुंफलेली असते आणि पाते चिरेतून बाहेर पडताना उभ्या फळीच्या आपल्याकडच्या चेहऱ्याचा तुकडा ओढून नेते. यावर दोन उपाय एकत्र केले. पहिली फेरी दातांत न शिरता, उजवीकडून डावीकडे, फळीच्या चेहऱ्यावरून जेमतेम दोन मिलिमीटर आत अशी हलकी घेतली; त्याने तंतू आधीच कापले जातात. ही दिशा पात्याच्या फिरण्याशी जुळती असल्यामुळे राउटर पुढे पळायला पाहतो, तेव्हा दोन्ही हात घट्ट आणि काप उथळ असला पाहिजे. त्यानंतरची खरी फेरी नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडे, प्रत्येक दातात शिरून बाहेर येत. दुसरा उपाय, उभ्या फळीच्या पुढे एक पातळ रद्दी फळी आवळून ठेवणे. झिलप्या उडायच्या त्या तिच्या उडतात. राउटरची मूठ मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेला ठेवतो. बुश आणि पाते यांचा मध्य केसभर जरी चुकलेला असला, तरी राउटर न फिरवल्यास सगळे काप सारखेच सरकतात आणि रुंदी बिघडत नाही.

आणि पाते फिरत असताना राउटर वर उचलू नये. हे मला वाचून माहीत होते. तरीही तिसऱ्या रविवारी, स्वयंपाकघरातून हाक आली म्हणून मी राउटर उचलला. पात्याचे रुंद तोंड वर येताना शेपटीचे टोक कापून गेले आणि फणीच्या उजवीकडून तिसऱ्या दाताच्या पोटात चंद्रकोरीसारखा चावा घेऊन गेले. आधी बटण बंद, पाते थांबेपर्यंत थांबणे, मग राउटर आपल्याकडे आडवा ओढून बाहेर काढणे. हाक मारणाऱ्याला तेवढा वेळ थांबता येते.

मेस्तांचा पाऊस खरा ठरला तो असा. दुसऱ्या खणाचे कोपरे मी शनिवारी कापून, जमवून, सुटे करून ठेवले. दर्शनी सागवानी फळी घरात राहिली, फणसाच्या बाजू पडवीत. मध्ये आठ दिवस संततधार. पुढच्या रविवारी सरस लावायला बसलो तर पहिली शेपटी खाचेत आणि शेवटची काठावर. प्रत्येक शेपटी तेवढीच होती, पण फणसाची फळी रेषेच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, फुगल्यामुळे शेपट्यांमधली अंतरे थोडी थोडी वाढत जाऊन दीडशे मिलिमीटर रुंदीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक जमा झाला होता. दोन दिवस दोन्ही फळ्या एकाच खोलीत ठेवल्यावर फळी पुरती नाही, पण बरीच मागे आली आणि सांधा शिरला. त्यानंतर मी ज्या दिवशी कापतो त्याच दिवशी सरस लावतो, आणि एका खणाच्या फळ्या कायम एकत्र ठेवतो. एकदा चिकटला की या सांध्याला पावसाची भीती फारशी नाही, कारण खणाच्या चारही फळ्यांची रेषा आडवी धावते आणि त्या सगळ्या उंचीतच फुगतात. ताण येतो तो कपाटाच्या चौकटीवर.

तसाच तो आला. चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाल्यावर, पूजेचे सामान भरायला गेलो तर तिसरा खण चौकटीत अडकत होता. रंधा मारून तो भर पावसात मोकळा केला असता तर एप्रिलमध्ये वर बोटभर फट दिसली असती, म्हणून वरच्या कडेवरून रंध्याचा एकच पातळ हात फिरवला आणि कडांना मेणबत्ती घासली. सोललेल्या खुंटीचा तो कोपरा मी बदलला नाही. फणसाची एक चिपळी सरसाने बसवून सर्वांत खालच्या खणाच्या मागच्या डाव्या अंगाला तो ठेवला आहे. खण पूर्ण बाहेर ओढल्याखेरीज तो दिसत नाही, आणि त्या खणातल्या कापूर-अगरबत्त्या पुढच्याच बाजूला ठेवाव्यात असे मी घरी सांगून ठेवले आहे.